नौपाड्यातला गरोदरपणाचा वर्ग: शिकवणं पक्कं, जिना नको

सातवा संपता संपता नणंदेच्या सांगण्यावरून या वर्गाला नाव घातलं. तक्रार आधी सांगते. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! पोटुशा बायका धापा टाकत वर येणार, हे जागा घेताना कुणाला सुचलं नसेल का? त्यात शनिवारी संध्याकाळी गोखले रोडला रिक्षा मिळणं म्हणजे नशीबच.

शिकवणाऱ्या बाई मात्र खणखणीत. निवृत्त परिचारिका आहेत, बोलण्यात आडपडदा नाही. बाळाची हालचाल मोजायला त्यांनी तिथेच सतरंजीवर शिकवलं: जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, हात पोटावर ठेवायचा, घड्याळ बघायचं. दोन तासांत १० हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. खोट्या कळा चालल्यावर, कूस बदलल्यावर ओसरतात. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढतो. पायांना थोडी सूज येतेच, पण चेहरा अचानक सुजला, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच रक्तदाब तपासून घ्यायचा. "होतंच गं" म्हणणाऱ्या सासूबाईंना मी मुद्दाम सोबत नेलं. आता जेवण झालं की त्याच विचारतात, "मोजलंस का?"

नवऱ्यांसाठीचा तास उगाच लांबवलेला, शेवटी तर मालिशच्या तेलाची जाहिरातच. फी वाजवी. उशी घरून न्या, तिथल्या फारच चपट्या आहेत.