चिपळूणच्या बाजारातलं पैसे बदलायचं दुकान: चार तारे, त्यातले तीन जुन्या वह्यांना

मी काही परदेशी जाणारी बाई नव्हे. आमचे हे दुबईला गोदीत होते, मी इकडे घर, सासूसासरे आणि दोन पोरं सांभाळत होते. तरी या दुकानाबद्दल लिहिते, कारण गेल्या महिन्यात इथे मला जे मिळालं ते मोबाइलवर मिळालं नव्हतं.

झालं असं की घराच्या वाटणीचं बोलणं निघालं. ह्यांनी घर बांधायला किती पाठवले, असा प्रश्न दिरांनी काढला. माझं पासबुक वाळवीने खाल्लं, पण पत्रं शाबूत आहेत. प्रत्येक पत्रात तारीख आणि दिरहम लिहिलेले, ‘या खेपेला ९०० चा ड्राफ्ट काढला आहे’ असे. रुपये किती झाले ते मात्र नाही. पुण्याच्या पुतण्याने अर्ध्या तासात हिशेब करून दिलान. दिरहम डॉलरला बांधलेला, एका डॉलरला ३.६७, तो कित्येक वर्षं हललेला नाही. म्हणून त्या सालचा डॉलरचा सरासरी दर घेतला आणि भागलं. कागद अगदी देखणा. पण १९९१ ची ओळ बघून मी म्हटलं, बाळा, हे साल एक नव्हतं, दोन होती. जूनपर्यंत डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता. १ जुलैला आणि परत ३ जुलैला सरकारने रुपया उतरवला आणि डॉलर २६ च्या जवळ गेला. तुझी सरासरी घेऊन कोणाच्या हातात पैसे पडले?

मग शेजारच्या बाईंनी हे दुकान सांगितलंन.

आता गल्ल्यावर मुलगा बसतो. त्याच्या वडिलांना सगळा बाजार चाचा म्हणायचा. चाचांच्या काळी हे पैसे बदलायचं दुकान नव्हतंच. तिकिटं काढून देणं, पासपोर्टचे फॉर्म भरणं, ड्राफ्ट आला की बँकेची स्लिप भरून देणं, असली कामं. स्लिप भरायला आलेल्या प्रत्येकाला चाचा विचारत, तिकडे कधी काढला, किती दिरहमचा, आणि लांब हिरव्या वहीत लिहून ठेवत. म्हणजे वहीत आहे तो छापील दर नव्हे, एक्स्चेंजवाल्याने आपलं काढून घेतल्यावर हाताला लागलेला दर. पेपरातल्या दरापेक्षा दोन-चार पैसे कमीच. मला हवा होता तो हाच.

मुलाने माळ्यावर शिडी लावून वह्या काढल्यान. “काकी, हळू उलटा, पानं सुटतात,” म्हटलंन. १९९२ च्या मार्चपासून वहीत एका उभ्या रेघेच्या दोन झाल्यात. तेव्हा वर्षभर पाठवलेल्या पैशातले ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारदराने मिळायचे. चाचांनी दोन्ही लिहून शेजारी लाल शाईत मेळ घातलाय. १९९३ च्या मार्चला रेघ परत एकच. पुतण्याच्या कागदावर यातलं काही नाही.

आणि मग २७ जून १९९१ चं पान. गुरुवार. ह्यांचा पगार त्या दिवशी झाला आणि ह्यांनी लगेच १५०० दिरहमचा ड्राफ्ट काढला. ड्राफ्टवर रुपये तिथेच लिहिले जातात, तो इथे कधी का पोचेना. वहीत दर दिरहमला पावणेसहा रुपयांच्याही खाली. पुढच्याच आठवड्यातल्या नोंदी सातला टेकलेल्या. दोन हजारांचा फरक! त्यापायी माजघराची फरशी त्या साली राहिली आणि मी अजून एक वर्ष शेणाने सारवलं. ‘चार दिवस थांबलो असतो तर’ हे वाक्य ह्यांनी पुढे वीस वर्षं ऐकवलं. मला वाटायचं, वाढवून सांगतायत.

भिंतीवर एका चौकटीत दहा रुपयांची तांबडी नोट आहे, तीही बघा. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या छापलेल्यांपैकी ती, नंबर झेडने सुरू होतो. तिथे आपला रुपयाच चालायचा, पण चोरट्या सोन्याच्या बदल्यात तिकडे गेलेला रुपया परकीय चलन मागायला बँकेकडे फिरून यायचा आणि गंगाजळी आटायची, म्हणून नोटाच निराळ्या केल्या. ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ वरून ७.५० वर गेला, तेव्हा तिकडे जिथे अजून रुपया चालत होता त्यांनीही तो सोडायला घेतला. माझे सासरे त्याआधी बहरीनला होते. त्यांना दर म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, रुपयाला रुपया.

आता एक तारा का कापला. माझा मुलगा गेल्या खेपेला आला तेव्हा उरलेले ३४० दिरहम सोबत नेले होते. बाहेरच्या फळ्यावर एक दर, आत गेल्यावर दुसरा. विचारलं तर म्हणे, फळा सकाळचा आहे. मग पुसा की! नाणी तर घेतच नाहीत. बसायला एकच बाक, त्यावर नेहमी कोणाची तरी बॅग.

वह्यांच्या झेरॉक्सचे पानाला पाच रुपये घेतलेन. शिक्का मारून द्या म्हटलं तर नाही म्हणालान, ही वडिलांची हातची वही आहे, दाखला नव्हे. मला राग आला होता, पण खरं बोलला. दिरांनी झेरॉक्स बघितलीन, चाचांचं अक्षर ओळखलंन आणि पुढे काही बोलले नाहीत.

जाणार असाल तर चष्मा न्या, पेन्सिल पुसट झालीय. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बंद. आणि १९९६ च्या पुढचा दर हवा असेल तर खेप घालू नका. त्या वह्या खालच्या कपाटात होत्या, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने नेल्या.