जुनं सामान, सात महिन्यांनी: चामडं टिकलं, लोखंडानं दगा दिला

खरं तर हा अनुभव मी दुसऱ्याच महिन्यात लिहून टाकणार होते, आणि तेव्हा तो भलताच गोड झाला असता. आळस केला ते बरं झालं.

आमच्या कुमैत घोडीसाठी मी एका विक्रेत्याकडून वापरलेल्या सामानाचा अख्खा संच घेतला. ऑल-पर्पज सॅडल (सगळ्या कामांना चालणारं खोगीर), ब्रायडल (डोक्यावर चढवायचे चामडी पट्टे), त्याचा बिट (तोंडात राहणारा धातूचा दांडा), रेन्स (हातात धरायचे लगामाचे पट्टे), तंग (सॅडल पोटाखालून आवळणारा पट्टा), रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आणि त्यांचे पट्टे. नुसतं नवं सॅडल घ्यायला जे पैसे लागले असते त्यात हे सगळं आलं आणि वर काही उरलेही. मी पैशाला जपणारी बाई आहे हे आधीच सांगते. पुढे जो वैताग आहे त्यातला निम्मा पैशाचा आहे.

घेताना चामड्याचा तासभर पंचनामा केला. प्रत्येक पट्टा दुमडून पाहिला, कारण भेगा सरळ पट्ट्यावर दिसत नाहीत, घडीवर दिसतात. बिट जिथे अडकवतात तिथली घडी सोडवून आतली बाजू पाहिली. बकलची भोकं ताणून लांबट झालीत का ते पाहिलं, शिवण नखानं ओढून पाहिली. सॅडलचा मागचा उंच भाग मांडीला टेकवून पुढचा भाग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला. आतला सांगाडा मोडका असेल तर बैठक मधेच दुमडते, सुरकुती पडते किंवा कुरकुर ऐकू येते. इथे तसं काही नव्हतं. उलटं करून खालच्या दोन्ही गाद्या समोरासमोर धरून पाहिल्या. डावी उजवीपेक्षा जरा दबलेली होती, तेवढ्यावर घासाघीस करून पैसे कमी करून घेतले आणि स्वतःवर खूश झाले.

लोखंडाकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. सगळेच सांगतात ना, जुनं घेताना चामडं बघा, लोखंडाला काय धाड भरलीय! बिट चकचकीत होता, विक्रेता म्हणाला स्टील आहे, वर 5 इंच कोरलेलं होतं. झालं.

पहिले दोन महिने सुखाचे. ब्रायडल आलं तेव्हा पापडासारखं कडक होतं. सगळे तुकडे सुटे केले, ओलसर फडक्यानं मळ काढला, सॅडल सोपनं, म्हणजे चामड्याच्या साबणानं, दोनदा पुसलं, सावलीत वाळवलं आणि मग तेलाचा अगदी पातळ हात दिला. तेलात बुडवून ठेवायचा सल्ला खूप जण देतात. तो ऐकू नका. चामडं पिऊ शकेल त्याहून जास्त तेल पाजलं की ते मऊ नाही, लिबलिबीत होतं, ताणलं जातं आणि कपड्यांना डाग पडतात ते वेगळेच. चार वेळा थोडं थोडं देऊन ते ब्रायडल असं वळायला लागलं की तबेल्यातले मामा म्हणाले, "ताई, हे नवंच घेतलंत की काय?" त्या वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते.

सॅडलच्या दबलेल्या गादीसाठी मात्र कारागीर गाठावा लागला. आत लोकर भरलेली होती, तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्यांनी जुनी लोकर उपसून नवी भरली. खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी भरण्याला सहज वापरतो, पण ती भरती नीट नसेल तर घोड्याच्या पाठीला काय सोसावं लागतं ते त्या गुठळ्या हातात घेतल्यावर कळलं. सुपारीएवढ्या होत्या एकेक. भरल्यानंतर सॅडल घोडीच्या अंगावर ठेवून, मी वर बसलेली असताना, त्यांनी खांद्यामागच्या उंचवट्यावर किती जागा उरते ते बोटं घालून पाहिलं. दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत, तशी राहिली. हा खर्च मी धरला नव्हता. तुम्ही धरा.

आता मूळ दुखणं.

तिसऱ्या महिन्यात घोडी उजवीकडे वळताना मान वाकडी करायला लागली. डावीकडे व्यवस्थित, उजवीकडे वळताना नाक वर आणि तोंड उघडं. मग ब्रायडल घालताना डोकं वर घ्यायला लागली, जी आधी आपण होऊन तोंड पुढे करायची. मी आधी माझे हात तपासले, मग नाकपट्टी सैल केली, मग दातांवर संशय घेतला आणि डॉक्टर बोलावले. त्यांनी दात पाहिले. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्यांच्या आतल्या कडा झिजता झिजता धारदार होतात. तशा थोड्या झाल्या होत्या, त्या त्यांनी घासून दिल्या. सामान आवरताना म्हणाले, "दात तर आता ठीक झाले, पण ओठाच्या कोपऱ्यात हे काय आहे? बिट बघा जरा."

ओठाच्या उजव्या कोपऱ्यात मसुराएवढी सोललेली जागा होती. मी रोज ब्रायडल घालत-काढत होते आणि मला ती दिसली नव्हती. अजून लाज वाटते.

त्या संध्याकाळी बिट घेऊन दिव्याखाली बसले. हा लूज रिंग प्रकार, म्हणजे तोंडातल्या दांड्याच्या टोकाला भोक असतं आणि त्यातून कडी गोल फिरते. फिरती कडी हाच त्याचा गुण, कारण बिट तोंडात अडकून न राहता हलता राहतो. पण वर्षानुवर्षं कडी त्याच भोकात फिरते, भोकाची कड खात जाते. गोल भोक लांबट होतं, काठ पातळ होतो आणि कडी व भोक यांच्यामधल्या फटीत ओठाची कातडी ओढली जाते. माझ्या बिटाचं डावं भोक बरं होतं. उजवं अंड्याच्या आकाराचं झालं होतं. बोट फिरवलं तर काही विशेष कळलं नाही, बोटाची कातडी निबर असते. मग कापसाचा बोळा फिरवला. कापूस त्या काठाला असा लटकला जसा बाभळीच्या काट्याला. शिवाय काठाशी तपकिरी डाग. तो मी इतके दिवस खुराकाचा समजत होते, तो गंज निघाला.

चुंबक आणून लावला, तो टाळी वाजवून चिकटला. बिटासाठी जे स्टेनलेस सहसा वापरतात त्याला चुंबक धरत नाही किंवा जेमतेम धरतो. काही जातींच्या स्टेनलेसला चिकटतोही, त्यामुळे एकट्या चुंबकावर कुणाला चोर ठरवू नये. पण चुंबक आणि गंज दोन्ही एकदम म्हटल्यावर शंका उरली नाही. आत साधं लोखंड, वर निकेलचा मुलामा, आणि मुलामा जिथे सर्वांत जास्त घर्षण तिथेच उडालेला.

विक्रेत्याला फोन केला.

"ताई, तुम्ही स्वतः तासभर बघून नेलंत. वापरलेला माल परत घेत नाही."

"पण तुम्ही स्टील म्हणाला होतात."

"दिसायला तर स्टीलच आहे की."

यावर काय बोलणार! तीन वेळा फोन केला, फोटो पाठवले, कापूस लटकलेला फोटोसुद्धा. शेवटी त्यानं मोठ्या मनानं रबरी चकत्या फुकट पाठवल्या, कडी आणि ओठ यांच्यामध्ये घालायच्या. मी त्या घातल्याही, कारण फुकट होत्या. चिमटा बसायचा थांबला. पण मला विचाराल तर अशा चकत्या खराब भोकावर पांघरूण म्हणून कधीच घालू नयेत. काठ आत झिजतच राहतो आणि आपल्याला दिसेनासा होतो. आठ दिवसांत काढून टाकल्या.

तोवर त्या माणसाबद्दल मी तबेल्यात जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण पुढची हकिगत लिहिली नाही तर ते लबाडीचं होईल. नवा बिट शोधायचा म्हणून पहिल्यांदाच घोडीच्या तोंडाचं माप घेतलं. गुळगुळीत लाकडी दांडी तोंडात धरली आणि दोन्ही बाजूंना ओठाला लागून रबरबँड सरकवले. दोन्हींमधलं अंतर भरलं 125 मिलिमीटर. लूज रिंगला दोन्ही बाजूंना साधारण 5-5 मिलिमीटर मोकळे लागतात, म्हणजे हवा होता 135 चा. माझा 5 इंची बिट मोजला तर 127. एका बाजूला एकच मिलिमीटर! कड्या ओठाला चिकटूनच होत्या. भोक नवंकोरं असतं तरी आज ना उद्या कातडी सापडलीच असती. म्हणजे भोकाचा दोष त्याचा, मापाचा माझा. इथंच घोडं पेंड खात होतं आणि मी महिनाभर दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडत होते. (स्टीलच्या थापेबद्दल मात्र अजूनही माफी नाही.)

डॉक्टर म्हणाले, आता सरळ नवा घ्या. मी पुन्हा जुनाच घेतला. यावेळी खिशात कापूस, चुंबक आणि मोजपट्टी. तीन विक्रेते वैतागले, एकानं विचारलं, "ताई, सोनं घेताय का?" घेतला तो एगबट प्रकारचा, ज्यात कडी दांड्याच्या भोकातून आरपार जात नाही, कोपऱ्यातला सांधा गोलसर आणि बंद असतो, त्यामुळे कातडी सापडायला फटच नाही. मधे दोन सांधे आणि गोटीसारखा तुकडा. मधले सांधे झिजले असतील तर जीभ चिमटते, म्हणून दोन्ही टोकं धरून ओढून, पिळून पाहिलं आणि तिथेही कापूस फिरवला. दोन सांध्यांचे सगळे बिट सारखे, असं विक्रेते सांगतात. तसं नाही. फ्रेंच लिंक नावाच्या बिटमधली चपटी पट्टी जिभेवर आडवी, सपाट पडते. डॉक्टर ब्रिस्टल नावाच्या बिटमधली तिरकी बसवलेली असते, तिची कड जिभेवर येते आणि तो चांगलाच कडक बिट आहे. जुन्या मालाच्या टोपलीत दोन्ही एकत्र पडलेले असतात आणि दिसायला भाऊ-भाऊ.

नवा-जुना बिट घरी आणून पाण्यात उकळला. सगळा धातूचा असेल तर हे सहज करता येतं, आणि करावंच, कारण घशाशी गळवं आणणारी घोड्यांची सर्दी, जिला स्ट्रँगल्स म्हणतात, ती तोंडाला लागणाऱ्या सामानातूनही पसरते. तंगाच्या बाबतीत तर मी आणखी भित्री आहे. गजकर्णाची बुरशी तंग, पाठीवरचं कापड आणि खराऱ्याचे ब्रश यांतून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जाते आणि सामानात महिनोन्महिने जिवंत राहते. संचातला कापडी तंग म्हणून मी वापरलाच नाही, तो एकटा नवा घेतला. हेल्मेट तर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. आतला फोम एकदा आपटून दबला की दुसऱ्यांदा डोकं वाचवत नाही, आणि दबलेला बाहेरून दिसत नाही. काटकसर डोक्याखाली सुरू करावी.

ओठ दहा-बारा दिवसांत भरला. तेवढे दिवस बिट लावलाच नाही, मोहरकीवर हातानं फिरवली. मान वाकडी करणं मात्र लगेच गेलं नाही, जवळजवळ महिना घेतला. दुखणं गेलं तरी दुखेल ही भीती तिच्या डोक्यात राहिली होती. आता ब्रायडल दिसलं की तोंड पुन्हा पुढे करते. तेव्हा एवढं समाधान वाटतं की काटकसरीचा विषय विसरायला होतो, थोडा वेळ.

बाकी सामानाचं सात महिन्यांनंतरचं खातं चटकन सांगते. ब्रायडल उत्तम. रेन्सची रबरी पकड गुळगुळीत झाली होती, ती बदलली. रिकिबीचे पट्टे एकाच लांबीचे वाटत होते, टांगून पाहिले तर डावा दोन बोटं लांब. चढताना सगळं वजन डावीकडच्या पट्ट्यावर येतं, तो ताणला जातो. दर महिन्याला डावा-उजवा अदलाबदल करतेय, फरक कमी होतोय. हे पट्टे ज्या पोलादी पट्टीवर अडकतात तिच्या टोकाचा खटका गंजून वर अडकलेला होता. पडलो तर पट्टा सुटून पाय मोकळा व्हायला हवा, त्यासाठी तो खटका उघडा राहायला हवा. तेलाच्या दोन थेंबांनी सुटला. सॅडलला तंग अडकवायच्या तीन पट्ट्यांपैकी नेहमी पहिला आणि बाकी दोघांपैकी एक वापरते, कारण शेवटचे दोन बहुतेक सॅडलमध्ये आत एकाच नवारीला शिवलेले असतात. ती तुटली तर दोन्ही एकदम जायचे.

जुना बिट घरात पडून होता. गेल्या आठवड्यात तबेल्यात नव्यानं आलेल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, तुमच्याकडे एक जास्तीचा आहे ना? द्याल का, पैसे देते." खरं सांगते, क्षणभर मोह झाला. बुडालेल्यातले थोडे तरी सुटले असते. रात्री लोखंड कापायची करवत घेतली आणि दांड्याचे दोन तुकडे केले. कड्या मात्र चांगल्या जाड आहेत, त्या काढून ठेवल्या. एकीला घोडीची गवताची जाळी टांगली आहे, दुसरी अजून मोकळी आहे.