कुत्र्यांसाठीचं मेलोक्सिकॅम सस्पेन्शन: गुण येतो, पण आधी रक्ततपासणी

आमची राणी ११ वर्षांची लॅब्रॅडॉर. मागचे सांधे धरलेले, उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं अंग ओढायची. डॉक्टरांनी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि लिव्हरचे रिपोर्ट पाहिले, मगच मेलोक्सिकॅम हे सांधेदुखीवरचं पातळ औषध लिहून दिलं. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, नंतर रोज ०.१. सोबतच्या सिरिंजवर वजनाच्या खुणा आहेत, त्यामुळे मोजायला सोपं. भातावर घातलं की ताट चाटूनपुसून साफ. आठवडाभरात ती जिन्याच्या पायऱ्या चढायला लागली.

पण शेजारच्या मोतीला किडनीचा त्रास आहे, म्हणून त्याच डॉक्टरांनी त्याला हे साफ नाकारलं. मला ते फार पटलं. मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामकं शरीरातल्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनांना रोखतात, त्यांच्यावरच आजारी किडनीचा रक्तपुरवठा टिकून असतो. मोतीला गॅबापेंटिन हे वेगळ्या प्रकारचं वेदनाशामक दिलं, तेही कमी डोसमध्ये, कारण ते किडनीवाटेच बाहेर पडतं. गॅबापेंटिनचं माणसांचं पातळ औषध मात्र परस्पर आणू नका. काहींत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्यांना विषारी.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर मेलोक्सिकॅम नकोच, पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. उलटी, काळी शी किंवा जेवण सुटलं तर डोस थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि मेडिकलवाला कितीही आग्रहाने म्हणाला तरी घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक मुक्या जिवाला देऊ नका हो!

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण आमच्या बाटलीवर किडनीचा इशारा इतका बारीक छापलाय की चष्मा लावूनही वाचवत नाही.