मागून आवाज नव्हता म्हणून घेतली

कापसाचा सीझन तोंडावर आला की आमच्या घाटंजी-पांढरकवडा भागात जुन्या ट्रकांचे भाव चढतात. मागच्या दिवाळीआधी मीही त्याच घाईत एक सहा चाकी घेतली, सव्वाचार लाखांत. मीटरवर ३,८०,००० किलोमीटर होते. खरे किती, ते मीटरलाच ठाऊक.

इंजिन मी नीट पाहिलं. ऑइलचं झाकण उघडून धूर पाहिला, स्प्रिंगचे पाटे पाहिले, चेसिस नंबर आरसीशी ताडला. डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीचं, विचारलं तर दलालाने खिशातून गॅरेजचं बिलच काढलं : फ्लशिंग, नवं गिअर ऑइल, मजुरी. "आवाज येते का पाहा ना भाऊ. नाई येत ना? मंग झालं!" खरंच येत नव्हता. एवढी रगडलेली गाडी आणि मागून हूं की चूं नाही! हाऊसिंगला, म्हणजे त्या पेटीच्या बाहेरच्या लोखंडी खोळीला, ताजा काळा रंग मारला होता, तोही मला आवडला. चक्कर मारली ती सकाळच्या गारव्यात, रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर, जेमतेम दोन किलोमीटर.

पहिल्या खेपेला ४५ क्विंटल कापूस भरून हिंगणघाटला निघालो. करंजी सोडली आणि काटा ५० च्या वर गेला की मागून घुंऽऽ सुरू. पाय उचलला की बंद. वडनेरपर्यंत पाय उचलूनही बंद होईना. उतरून हाऊसिंगला, पुढून फिरता दांडा येतो त्या जॉइंटच्या बाजूने, हात लावला तर चटकाच बसला.

माल कसाबसा खाली केला आणि गाडी रांगत ओळखीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पाना हातात घेण्याआधी बॅटरीचा झोत मारला आणि हसला. बाजूच्या, तेल भरायच्या प्लगच्या कडा पान्याने घासून चकाकत होत्या. खालच्या ड्रेन प्लगवर मात्र जुना चिखल तसाच, आणि त्या चिखलावरूनच रंग मारलेला, कुठे तडा नाही. "मालक, यात टाकलं हाये. काढलं काईच नाई."

त्याने भरायचा प्लग आधी सैल केला, मग खालचा. हा क्रम ध्यानात ठेवा : तेल सांडून बसलात आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी तिथेच उभी. खालून तेलाची धार आलीच नाही. बैलाला घालतो ती भिजवलेली सरकीची ढेप असते ना, तसा काळा लगदा गळायला लागला. ग्रीस आणि लाकडाचा भुसा. सॉ मिलवर फुकट मिळतो तो.

भुसा घासलेल्या दात्यांमध्ये गादीसारखा बसतो, म्हणून आवाज दबतो. खरी वाट ग्रीसने लागते. डिफरन्शियलमध्ये पंप नसतो. क्राउन व्हील, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, तेलात बुडून फिरतं आणि तेच तेल वर उडवून पिनियनच्या, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या, बेअरिंगपर्यंत पोचवतं. ग्रीसमध्ये ते आपल्यापुरता चर पाडून घेतं आणि त्यात मोकळंच फिरत राहतं. बेअरिंग कोरडं. रिकाम्या गाडीला दोन किलोमीटर निभतं, ४५ क्विंटलला नाही. त्यात हवा जायचा ब्रीदरही लगद्याने बुजलेला. आत दाब वाढून तेल सीलमधून चाकाकडे निघालं होतं. आणखी दोन-तीन खेपा झाल्या असत्या तर ब्रेक लायनर तेलात भिजले असते, आणि तेव्हा मी हे लिहायला असतो की नाही कोण जाणे.

क्राउन-पिनियन, बेअरिंग, सील, मजुरी मिळून ३८ हजार गेले.

साफसफाईलाही दोन दिवस लागले. एक्सल काढून हाऊसिंग डिझेलने धुतलं, पण डिझेल आत राहिलं तर नवं तेल पातळ होतं, म्हणून रात्रभर निथळत ठेवलं. जोडणी झाल्यावर स्वस्तातलं ८० डब्ल्यू ९० गिअर ऑइल भरून वीसेक किलोमीटर फिरवली आणि गरम असतानाच काढलं. भुसा निघालाच. परत भरलं, परत काढलं. तिसऱ्यांदा स्वच्छ आलं, तेव्हा कुठे गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल भोकाच्या काठापर्यंत भरलं.

गाडी पाहायला जाल तेव्हा भरायचा प्लग उघडायला सांगा आणि बोट घाला. तेल काठाला लागलं पाहिजे, गंधकासारखा उग्र वास आला पाहिजे, चिमटीत चोळल्यावर धातूचा रवा लागता कामा नये. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर काजळासारखा थर चालतो, धातूची कपची नाही. उघडायला विकणारा नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

दलालाला फोन केला. "पाहून घेतली ना तुमी? स्टॅम्पवर लिहून हाये." होतंच : गाडी जशी आहे तशी पाहून घेतली, खाली माझी सही. ज्या गॅरेजचं बिल होतं, तो गॅरेजवाला म्हणाला, बिल मागितलं म्हणून दिलं, गाडी आलीच नव्हती. एवढं तोंडावर सांगितलं, लिहून द्यायला तयार नाही.

परवा त्याच दलालाच्या आवारासमोरून जात होतो. एक दहा चाकी उभी, हाऊसिंगला ताजा काळा रंग, आणि एक पोरगा वाकून मागच्या चाकांत पाहत होता. मी गाडी बाजूला लावली आणि बॅटरी घेऊन उतरलो.