टर्कीची पिसे लावलेले बाण : एका पावसाळ्यानंतरचे मत

पाच इंची, शील्ड म्हणजे ढालीच्या आकारात कापलेली टर्कीची तयार पिसे मी उन्हाळ्यात ऑनलाइन मागवली आणि तेव्हापासून बेळगावातला माझा सगळा सराव त्यांच्यावरच चालला आहे. पिसे चांगली आहेत. मात्र त्यांच्या पुढच्या टोकाविषयी विक्रेते एक अक्षरही सांगत नाहीत, आणि माझ्या मते पिसे घेताना सर्वांत आधी पाहावे ते हे टोकच.

आपल्या बांबूच्या धनुष्याला बाण टेकवायला खाच नसते. बाण मुठीवरून, बोटाच्या सांध्याला घासून सुटतो. अशा वेळी पिसाचा जो भाग हाताला प्रथम लागतो तो म्हणजे पिसाच्या दांड्याचे पुढचे, जाड टोक. ते बाणाच्या दांडीपासून किंचित जरी उचललेले असेल, तर कातडी कापते, आणि कधी त्याची कुसळासारखी बारीक चीर बोटात घुसून मोडते. माझ्या पाकिटातल्या पिसांचे तळ सफाईने घासलेले होते, पण पुढची टोके सरळ आडवी छाटून तशीच सोडलेली होती. एवढे पैसे मोजल्यावर टोकाला उतार देण्याचे कामही गिऱ्हाइकानेच करायचे, हे मला पटत नाही. आता मी प्रत्येक टोक बारीक पॉलिश पेपरने घासून उतरते करतो, त्यावर गमचा थेंब देतो आणि वरून दोरा गुंडाळतो. सुती दोरा जाड बसतो, म्हणून वडगावच्या एका विणकर काकांकडून साडीच्या कामात उरलेले रेशमी सूत आणले. ते पातळ असूनही बळकट आहे आणि त्यावर वॉर्निशचा एक हात दिला की सुटत नाही. काकांनी त्याचे पैसे घेतले नाहीत. तरीही बाण लावण्यापूर्वी पुढच्या टोकावरून बोट फिरवून पाहण्याची सवय मी मोडलेली नाही, आणि नव्याने शिकणाऱ्या मुलांना तर मी ती सक्तीने लावतो.

विक्रेत्याशी वाद झाला तो दुसऱ्याच कारणावरून. पाकिटावर ‘उजवा पंख’ असे छापलेले होते, पण आत दोन्ही पंखांची पिसे मिसळलेली निघाली. दोन्ही पंखांच्या पिसांचा बाक एकमेकांच्या उलट असतो. उजव्या पंखाची पिसे बाणाला मागून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात आणि डाव्या पंखाची उलट. एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच पंखाची नसतील, तर ती एकमेकांविरुद्ध ओढतात आणि फिरकी बिघडते. हे फोटो काढून समजावले, तरी समोरून उत्तर आले की रंग तर सारखाच आहे. बऱ्याच तगाद्यानंतर अर्धी रक्कम परत मिळाली. उरलेली डावी पिसे मी वेगळी काढून, जिगला, म्हणजे पिसे चिकटवण्याच्या साच्याला, डावी पकड लावून वापरली, त्यामुळे माल वाया गेला नाही.

जून उजाडला आणि माझे मत पार बदलले. खानापूरच्या बाजूचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मैदानावरच्या ओलाव्याविषयी वेगळे सांगायला नको. भिजलेले पीस दांडीला चिकटून झोपते, बाण शेपूट हलवत जातो आणि लक्ष्यावर बाणांचा गट पसरतो. त्या दिवसांत पिसांवर घातलेला पैसा बुडाला असेच मला वाटू लागले होते. प्लॅस्टिकची व्हेन, म्हणजे पिसाऐवजी लावायची पाती, पाण्याला दाद देत नाही हे खरे. पण मुठीवरून सुटताना ती दबत नाही, हाताला आदळून बाणाला बाजूला फेकते, म्हणून ती आपल्या कामाची नाही. पीस दबते आणि लगेच उभे राहते, हाच त्याचा मोठा गुण आहे. मग कळले की चेपलेली पिसे इडलीच्या भांड्याच्या वाफेवर क्षणभर धरून फिरवली आणि सावलीत वाळू दिली की पुन्हा उभी राहतात. या एका उपायाने माझा राग निम्म्याहून अधिक उतरला. मोडलेले पीस मात्र वाफेने सुधारत नाही.

लांबीबाबत सुरुवातीला माझा कल चार इंचाकडे होता, कारण ती स्वस्त पडतात आणि आवाजही कमी करतात. बांबूची दांडी मात्र पेराला जाड, मध्ये बारीक असते आणि डझनभर बाणांत दोन सारखे मिळणे कठीण; अशा दांडीला लवकर सावरायला पाच इंचीच हवीत. 30 मीटरवर त्यांचा हवेतला अधिक विरोध जाणवत नाही, 50 वर बाण थोडा खाली येतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यांना चार इंच पुरतात.

महाभारतातल्या कंकपत्री, म्हणजे कंक पक्ष्याची पिसे लावलेल्या, बाणांचा दाखला देऊन घारीची, गिधाडाची किंवा मोराची पिसे सुचवणारे अजून भेटतात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा असताना त्या वाटेला जाऊ नये, आणि मोराच्या पिसाऱ्यातल्या लांब पिसांचा दांडा या कामाला उपयोगीही नाही. पाळलेल्या टर्कीच्या पंखांची मोठी पिसे मला निपाणीकडच्या एका कुक्कुटपालकाकडून मिळाली आहेत. दांडा मधोमध चिरून, तळ घासून ती बसवण्यात वेळ जातो, पण टोकाचा उतार आपल्या हाताने हवा तसा देता येतो. पिसांना कसर लागते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवली आहेत. तयार पाकीट पुन्हा घ्यायचे झाले, तर टोकाचा जवळून काढलेला फोटो आणि पंखाची लेखी हमी मिळाल्याशिवाय मी पैसे भरणार नाही.