अबॅकस, सहावीचं पुस्तक की घरचे शेंगदाणे?

लेक दुसरीत. "शून्याच्या खाली काय असतं?" असं विचारायला लागली आणि घरात दोन तट पडले. आजोबा म्हणाले, अबॅकसचा क्लास लावा. मला वाटलं, सहावीचं गणिताचं पुस्तकच देऊ. दोन्ही करून पाहिलं.

अबॅकसने हिशेब खरंच पक्का होतो. आधी मणी सरकवायचे, मग ते नुसते डोळ्यांसमोर आणायचे. काही महिन्यांत किराण्याचं बिल ती दुकानदाराआधी सांगायला लागली, आजोबांची कॉलर ताठ. पण तिथे सगळं घड्याळ लावून. तिच्या 'का'ला कुणाकडे वेळ नाही. त्यात जुळे सोलापूरहून सात रस्त्याला ने-आण, तीही मे महिन्यातल्या दुपारी!

पुस्तकाला खर्च नाही, बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते. ऋण संख्या सहावीत आहेत. पण ती भाषा सात वर्षांच्या पोरीला जड. नियम पाठ झाले, कळलं काहीच नाही. वर वर्गात "मला हे येतं" म्हणून चुळबुळ सुरू झाली, ते वेगळंच.

राहिला घरचा मार्ग. चटणीसाठी भाजलेल्या शेंगदाण्यांतले 12 दाणे तिला दिले. तिने 3 ओळींत 4-4 मांडले, मग 2 ओळींत 6-6. 13 दिले तर एकच लांब रांग! "हे हट्टी आकडे," ती म्हणाली. 'मूळ संख्या' हे नाव मी आठवड्याने सांगितलं, तोवर तिची 30 पर्यंतची यादी तयार होती. चादरीची घडी घालताना थर मोजले: 2, 4, 8, 16, 32. शेजारच्या तेलुगू आजींकडून कळलं की त्यांच्यात 49 म्हणजे सरळ 'चाळीस-नऊ'. आपलं एकोणपन्नास मात्र 'पन्नासला एक कमी'. देवळालीचे गणिती कापरेकर, त्यांचा 6174 तर तिचा लाडका. 3524 घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच: 3087, 8352, 6174. पुढे हलतच नाही.

यात अडचण आपलीच. वेळ द्यावा लागतो आणि आपण अडकतो. "शेवटचा हट्टी आकडा कोणता?" यावर मी गप्प. शोधलं तेव्हा कळलं, शेवटचा नाहीच. युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच ते सिद्ध केलंय.

मूल 'किती झाले?' विचारत असेल, वेगात रमत असेल, तर अबॅकस बिनधास्त लावा. दोघंही रात्री आठनंतर घरी येत असाल, तरीही तोच बरा. 'का?' विचारणाऱ्याला मात्र आठवड्यात तीन संध्याकाळ घरीच द्या. पुस्तक मी मदतीला ठेवते, वाचायला मीच.

आम्ही क्लास दुसऱ्या लेव्हलला थांबवला. आजोबा अजून थोडे रुसलेत. शून्याखालचं उत्तर तिला परवा एका लिफ्टमध्ये मिळालं: पार्किंगचं बटण, -1.