जुन्या पुस्तकांतले फेरीवाले: रोलँडसन, व्हीटली की मुलांसाठी छापलेली 'क्राइज'?

लहान मुलांसाठी फेरीवाल्यांची गमतीशीर चित्रं काढायची असतील आणि समोर जुना नमुना हवा असेल तर 'लंडन क्राइज' (लंडनच्या फेरीवाल्यांची, त्यांच्या आरोळ्यांसकट काढलेली जुनी चित्रं) बघावेच लागतात, प्रश्न एवढाच की कुणाचे.

इंग्लिश चित्रकार व्हीटलीला लगेच बाद करा. त्याची चित्रं लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात १७९२ ते १७९५ मध्ये लागली, देखणी आहेत, पण दिवसभर टोपली घेऊन वणवण करणाऱ्या बाईचा चेहरा एवढा टवटवीत कसा राहील? त्याचीच प्रिमरोजची फुलं विकणारी पुढे यार्डले या साबण-अत्तराच्या कंपनीनं जाहिरातीला घेतली आणि हातात लॅव्हेंडर दिलं, त्यावरून काय ते समजा.

इंग्लिश व्यंगचित्रकार रोलँडसन म्हणजे एकदम उलटं टोक. १७९९ ची मालिका बघा, उंदरांचे पिंजरे विकणारा, फाशी गेलेल्याचं छापील 'शेवटचं भाषण' ओरडत विकणारी बाई, बटबटीत नाकं, आ वासलेली तोंडं, नुसतं बघितलं तरी आरोळी कानावर येते. १८२० च्या पुस्तकात तर असल्या ५४ रंगीत प्लेटा (छापील चित्रं) आहेत. हसू येतंच, प्रश्नच नाही. पण यातलं काहीच मुलांसाठी काढलेलं नाही, काही ठिकाणी कोपऱ्यात मोठ्यांसाठीचे चावट इशारे आहेत, आणि बऱ्याचदा टिंगल होते ती गरिबाच्या अंगकाठीची, हे मला खटकतं.

मुलांसाठी छापलेली पुस्तकं त्यामानाने साधी. लंडनचा प्रकाशक हॅरिस याचं 'सॅम सिंटॅक्स' १८२० च्या आसपासचं, हातानं रंगवलेली चित्रं आणि जोडीला पद्य, बघायला मजा येते. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल वुडचं १८०८ चं पुस्तक मात्र क्वेकर (साधेपणा पाळणारा ख्रिस्ती पंथ) प्रकाशकाचं, त्यामुळे उपदेशाचा डोस भरपूर आणि विनोद बेताचा. पण वाळूवाला आहे त्यात! पांढरी वाळू घरातल्या फरशीवर पसरायची पद्धत होती, 'वाळू कोण विकत घेतं?' असं पोरं विचारणारच, आणि बोलायला असा एक प्रश्न पुरतो. मक्याची गरम कणसं विकणारीही आहे, ती तर आपल्या पोरांना लगेच ओळखू येईल.

माझं मत विचाराल तर मांडणी मुलांच्या पुस्तकांची घ्या, एका चित्रात एकच धंदा आणि खाली त्याची आरोळी, आणि उघडी तोंडं, वाकलेले पाय, ओझ्याखालची लगबग हे सगळं रोलँडसनकडून शिका. मोठ्या वाचकांसाठी करत असाल तर थेट रोलँडसनच. त्याच्या क्राइजच्या प्लेटा न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर फुकट बघता येतात, झूम करून आधी पिंजरेवाला बघा.